कडी बाहेरून होती

आमच्या घरात टीव्ही विजेच्या आधी आला. विजेचे खांब गावापर्यंत येऊन थांबले होते. नाल्याच्या पलीकडची आमची टोली, मोजक्या घरांची, तशीच कंदिलावर चालली होती. खांब अजून थोडे पुढे का येत नाहीत हे विचारायला बाबा आणि टोलीतली माणसं गोंडपिपरीला जात, ऑफिसच्या पायरीवर दिवस काढत आणि 'होईल' एवढं ऐकून परत येत. अशा घरात माझ्या मामानं टीव्ही आणला. मामा भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्यानं स्वतःसाठी रंगीत घेतला, आणि जुना काळा-पांढरा, लहानशा पेटीएवढा संच पोत्यात गुंडाळून, एसटीच्या टपावर टाकून आमच्याकडे पोचवला. माय चुलीपुढून उठून आली, पोतं सोडलं आणि म्हणाली, "लाइन नाई आपल्याकडे, अन् हे डबडं काय करू? कोंबडी बसवू याच्यात अंड्यावर?" मामा हसला. "बॅटरीवर चालते वो बाई. तू फक्त पाह्यजो."

बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. ती उतरली की बाबा सायकलच्या कॅरियरला दोरीनं आवळून गोंडपिपरीला रहमतचाचांच्या दुकानात चार्ज करायला न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. रहमतचाचा दरवेळी तीच तंबी द्यायचे, "भाऊ, बैलाले पाणी पाजता ना? मंग इले बी टायमावर पाजत जा. बैल त ओरडते तरी, हे बिचारी ओरडत नाई." बॅटरीच्या दोन खुंट्यांना दोन चिमटे लावले की आत आधी गूं असा आवाज व्हायचा, मग पांढऱ्या मुंग्या यायच्या आणि मुंग्यांतून हळूहळू माणसाचं तोंड. अँटेना लांब बांबूवर, अंगणात. ती चंद्रपूरच्या दिशेला धरावी लागायची, आणि धरणारा म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळू. "आलं का?" तो बाहेरून ओरडायचा. "आलं, आलं... गेलं!" आतून सगळे. "अबे, थोडा सिरोंच्याकडे फिरव!" "आता?" "आलं! तसाच धरून ठेव, हालू नोको!" आणि बाळू बांबू धरून उभा. ज्याच्यामुळे सगळ्यांना दिसायचं त्याला काहीच दिसायचं नाही, याचं टोलीतल्या बायांना फार हसू यायचं. बाळूलाही यायचं. तो तेव्हा तिसरीत होता. पायाच्या एका अंगठ्यावर उभं राहून, मान वाकडी करून, दारातून जेवढं दिसेल तेवढं पाहायचा.

त्याच्या आधी आमच्या घरात संध्याकाळचा आवाज वेगळा होता. माय चुलीवर भात उतरवायची, लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी द्यायची, आणि तो चर्र आवाज झाला की आम्ही आपोआप पाट ओढायचो. बाबा फार बोलणारे नव्हते, पण जेवताना बोलायचे. धानाच्या बांधीत कोणत्या कोपऱ्यात पाणी साचलं, रानडुकरं कुठून शिरली, कोणाच्या म्हशीनं कोणाचं काय खाल्लं. बाळू मधेच काहीतरी विचारायचा आणि बाबा त्याला उत्तर द्यायचे. मला आठवतं तेवढं त्यांचं आणि बाळूचं बोलणं तेवढंच, त्या पाटावरचं. टीव्ही आला आणि पाट फिरले. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, आणि मायची एकटीची चुलीकडे. ती भात वाढायला वाकली की मागून कोणीतरी म्हणायचं, "बाजूले हो ना माय, दिसत नाई." हे म्हणणाऱ्यांत बाबाही होते.

मी तेव्हा दहावीत होते. गोंडपिपरीच्या शाळेत नाला ओलांडून, पायी आणि मग मिळेल त्या बैलगाडीनं जायची. आमच्या टोलीतून दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी, आणि पुढे बी.ए. होऊन स्वतः शाळेत शिकवायला लागलेलीही पहिलीच. त्या शाळेचं, तिथल्या गुरुजींचं आणि माझ्या मायचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही, हे मी ठिकठिकाणी सांगत आले आहे आणि मनापासून सांगत आले आहे. पण हे प्रकरण ऋणाचं नाही. हे रागाचं आहे. इतकी वर्षं शिक्षकी केली, लोकांनी मला शांत बाई म्हणून ओळखलं, आणि एका रविवारचा राग मी तसाच आत ठेवून हिंडले. आता लिहिते आहे तर तोही लिहिते.

आमच्याकडे फाल्गुन सरता सरता मोह गळायला लागतो. पहाटे फुलं पडायला सुरुवात होते आणि ऊन चढलं की थांबते. जो लवकर जाईल त्याला फुलं. उशीर झाला तर हरणं, गाई आणि अस्वलं खाऊन जातात. म्हणून सगळं घर उजाडायच्या आत झाडाखाली. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. फुलं पाचोळ्यात पडली तर दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी किंवा त्याच पहाटे झाडाखालचा पाचोळा जाळायचा, म्हणजे काळ्या साफ जमिनीवर पिवळी फुलं वेचायला सोपी पडतात. सगळेच जाळतात. त्या दिवसांत रानात कुठे ना कुठे धूर असतोच आणि त्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. मायचे हात तेव्हा मोहाच्या चिकानं काळे होऊन जात आणि त्यांना गोड, आंबूस वास येई. संध्याकाळी ती मोहफुलं उकडायची, तीळ कुटून त्यात मिसळायची, आणि तो गोळा आम्ही पोरं चोखत बसायचो.

लहान पोरांचं काय करायचं, हा मोहाच्या दिवसांतला जुना प्रश्न. आधी त्यांना झाडाखाली नेत. वाकळ अंथरून झोपवत, जाग आली की ती तिथेच फुलं वेचत, खात, भांडत. पण त्या वर्षी अस्वलानं शेजारच्या गावच्या एका बाईला ओरबाडलं होतं आणि सगळ्यांना धाक बसला होता. आणि मग टोलीतल्या बायांना शोध लागला की आमच्या घरी टीव्ही लावून दिला की पोट्टे हलत नाहीत. रविवारी सकाळी तर एकामागून एक कार्यक्रम असत. "शोभाची माय," शोभा म्हणजे मी, "माह्या पोट्टीले बसवू का तुह्या घरी?" "बसव ना, माह्ये बी तिथीच हायेत." पहिल्या रविवारी दोन घरची पोरं होती, पुढच्या रविवारी सगळ्या टोलीची. बाया खुश. "एवढा चांगला राखणदार कुठी भेटन वो? ना खाते, ना झोपते." आणि पोरं रांगत बाहेर जाऊन विहिरीकडे जाऊ नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी.

मी आज बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात पाहते. मूल रडलं की आई पर्समधून फोन काढते, समोर धरते, मूल तोंड उघडतं आणि त्यात घास जातो. मूल घासाकडे पाहत नाही, आईकडेही नाही. माझ्यासोबतच्या शिक्षिका अशा आयांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. डोक्यावर टोपली असलेली बाई काय करणार? जिला दोन घटका मोकळे हात हवेत, ती समोर असेल ते वापरेल. माझा राग तिथे नाही. माझा राग त्याच्या नंतरच्या गोष्टीवर आहे.

त्या रविवारी बाबांनी पहाटे घरामागच्या मोहाखाली पाचोळा पेटवला. ते झाड आमच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. जाळ खाली बसला, काळं झालं, बाबांनी पायानं चार निखारे सारले आणि आम्ही सगळे लांबच्या झाडांकडे गेलो. ऊन वर आल्यावर मी आणि माय पहिली टोपली घेऊन घरी आलो. मायनं पोरांना पेज दिली, सोबत जवसाची चटणी. टोलीतल्या बाकीच्यांनी आपापली पोरं आणून सोडली. मायनं चिमटे लावले, गूं झालं, मुंग्या आल्या. ती बाळूला म्हणाली, "तू मोठा हाय. सुमीकडे ध्यान देजो. रडू देजो नोको कोनाले." सुमी आमची सगळ्यांत धाकटी, नुकती नीट बोलायला लागलेली. बाळूनं मान हलवली. त्या दिवशी अँटेना वाऱ्यावर हलू नये म्हणून बाबांनी दगडांनी बांधून ठेवली होती, त्यामुळे बाळूला पहिल्यांदाच आत बसून बघायला मिळणार होतं. तो इतका खुश होता की कोपऱ्यातला पाट आणून त्यानं मधोमध ठेवला. मायनं दार ओढलं आणि कडी घातली. आम्ही दुसऱ्या खेपेला निघालो.

वारा उठला तो आम्ही झाडाखाली पोचल्यावर. टोलीच्या अंगानं धूर दिसत होता, पण धूर सगळीकडेच होता. आमची गाय जवळच चरत होती. तिनं एकदम मान वर केली, कान टोलीकडे केले, आणि अशी काही हंबरली की मी तसं हंबरणं पुन्हा ऐकलं नाही. मग ती पळत सुटली. तिचं वासरू गोठ्यात बांधलेलं होतं. माय क्षणभर उभी राहिली, टोपली टाकली, आणि गाईच्या मागे धावली. मी तिच्या मागे. टोलीच्या जवळ आलो तेव्हा गोठ्याचं छप्पर पेटलेलं होतं आणि वासराचा आवाज थांबला होता. मायनं "बाळू!" म्हणून हाक मारली. घराच्या मागच्या भिंतीला गोठा लागून होता. घरावर भाजक्या मातीचे कवेलू होते म्हणून घर अजून पेटलं नव्हतं, पण कवेलूंच्या फटींतून धूर आत जात होता. मी आधी पोचले. कडी तापली नव्हती, पण घाईत ओढल्यानं अडकली; मी ती दोन्ही हातांनी हिसडून काढली.

दार उघडलं तर आत टीव्ही इतक्या मोठ्यानं लागलेला की कान फुटावे. धुराचा पातळ पडदा. पोरं दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली, डोळे लाल, आणि सगळी टीव्हीकडे पाहत होती. बाळू टीव्हीपाशी उभा होता, हात आवाजाच्या बटनावर. त्यानं मला पाहिलं आणि तोंड उघडलं, पण त्या आवाजात काय म्हणाला ते कळलं नाही. आम्ही एकेक पोर उचलून बाहेर नाल्याकडे नेलं. बाळू सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला, सुमीला काखेत घेऊन. कोणालाही काही झालं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला ते वाक्य लिहिताना आजही श्वास सोडावा लागतो.

मग रानातून माणसं आली. ओल्या फांद्यांनी जाळ झोडपला, पाणी मारलं. गोठा गेला. वासरू गेलं. गाय राखेभोवती फिरत राहिली. आणि ज्यांची पोरं वाचली होती ती सगळी टोली आमच्या अंगणात जमली. माणसं घाबरून गेली की त्यांना कोणीतरी दोषी लागतो, आणि अंगणात सगळ्यांत लहान दोषी उभा होता. गावचे पोलीस पाटीलही धूर पाहून आले होते. खाटेवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "म्या भाऊले तवाच सांगतलो होतो. हे डबडं पोट्ट्याइचं डोकं खाते. जवळ वासरू जळून राह्यलं, अन् हे आपले खुशाल पिच्चर पाहून राह्यले."

बाबांनी बाळूकडे पाहिलं. "वासरू ओरडत होतं. तुले आयकू नाई आलं?"

बाळू मातीकडे पाहत राहिला.

"बोल ना बे! आयकू नाई आलं काऊन? एवढा मोठा आवाज कोनं केला?"

"म्या केला," बाळू म्हणाला.

बाबांनी कुंपणातून पळसाची फोक उपसली. मी माझ्या बापाला तोवर कोणावर हात उचलताना पाहिलं नव्हतं, बैलावरही नाही. फोकेचा आवाज मोठा नसतो. हवेत एक शिट्टी, आणि मग बाळूचा श्वास आत ओढल्याचा आवाज. तो रडत नव्हता. हात पाठीमागे बांधून उभा होता. लोक बघत होते. एक बाई, जिचं पोर त्यानंच शांत बसवलं होतं, ती म्हणाली, "माराच, भाऊ, त्याशिवाय ध्यानात राहत नाई." मी हे वाक्य विसरलेले नाही. पुढे तिच्या नातवाला मी शाळेत शिकवलं, ती माझ्याकडे हळदीकुंकवाला यायची, मी तिला पान द्यायची, आणि दरवेळी मला ते वाक्य ऐकू यायचं.

सुमी माझ्या कडेवर होती. तिनं हात लांब करून बाबांकडे बोट केलं आणि आपल्या बोबड्या बोलीत म्हणाली, "दादाले मारू नोको. आमी रडत होतो. दादानं आवाज मोठा केला. दादा दार वाजवे, कोनी येत नाई. मंग आमी रडलो." दुसरी एक जरा मोठी पोर पुढे आली. "हो जी काका. धूर आला तं यानं लय दार बडवलं. आमी भेलो. मंग हा म्हने, इकडे पाहा, इकडे पाहा, आता मजा येईन. अन् आवाज मोठा केला."

टीव्ही आत अजून चालू होता. कोणीतरी गाणं म्हणत होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. माय आत गेली, चिमटे काढले, आणि बाहेर आली. तिचा आवाज मोठा नव्हता. "कडी म्या लावली," ती म्हणाली. "टीवी म्या लावला. झाडाखाली जाळ तुमी लावला, अन् तसाच सोडून आले. अन् मार यानं खाल्ला. पाटीलभाऊ, सांगा बरं, पोट्ट्यानं काय करा लागत होतं? कवेलू फोडून उडून जावा लागत होतं?"

पोलीस पाटील उठले. "बाई, म्या त टीवीचं म्हणून राह्यलो."

"टीवीले हात नाई, भाऊ. तो सोता होऊन लागत नाई."

बाबांनी फोक टाकली आणि नाल्याकडे निघून गेले. लोक पांगले. ज्या बाईनं 'माराच' म्हटलं होतं तिनं आपलं पोर उचललं आणि गेली. कोणी बाळूच्या पाठीवर हात ठेवला नाही. मी त्याला नाल्यावर नेऊन तोंड धुवायला लावलं, तेव्हा त्याच्या मुठी पाहिल्या. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलली होती, दार बडवून बडवून. पाण्यात हात घातल्यावर मात्र तो रडला. "माहं चुकलं का, बाई?" त्यानं मला विचारलं; थोरली बहीण म्हणून तो मला बाई म्हणायचा. माझ्या अंगात त्या वेळी जे उसळलं त्याला मी राग म्हणते, पण त्या शब्दात ते मावत नाही. मला ती सगळी टोली, ते अंगण, त्या खाटेसकट पाटील, आणि माझा बाप, सगळं नाल्यात लोटून द्यावंसं वाटलं. मी म्हणाले, "नाई रे."

टीव्ही विकून टाका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पाटलांनी तर गिऱ्हाईकही सुचवलं. मायनं विकू दिला नाही. तिनं सांडशीनं दाराची कडी उपटून काढली. बाबा म्हणाले, "चोर आला त?" त्या घटनेनंतर ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. माय म्हणाली, "काय नेईन? लाखोळी?" मग तिनं टीव्ही आतून उचलून घरापुढच्या छपरीत आणला, उघड्यावर, जिथे येता-जाता सगळ्यांना दिसेल. मोहाच्या दिवसांत पोरं बसवायची तर एक मोठं माणूस सोबत बसेल, असं तिनं टोलीत सांगून टाकलं. म्हणजे एका बाईची एका सकाळची फुलं जाणार. बाया कुरकुरल्या. "अवो, फुकट बसून राहाचं?" "तुहं पोट्टं फुकट हाय का?" माय विचारायची, आणि पाळी लागायची. पाळीवाली बाई पोरांत बसायची, त्यांच्यासोबत पाहायची, त्यांना विचारायची, हा काऊन रडून राह्यला, तो कुठी गेला. पोरांना सांगायला आवडायचं. कार्यक्रम संपला की तीच पोरं अंगणात तोच खेळ करायची, आणि कोण राजा होणार यावरून भांडायची.

आणि जेवताना टीव्ही बंद. हे पोरांसाठी नव्हतं, सगळ्यांसाठी होतं, आणि इथेच खरी लढाई झाली. बाबांना बातम्या लागायच्या. "मले पाहू दे, पोट्ट्याइले उठव," ते म्हणाले. माय भाताचं भांडं घेऊन उभी. "पाहा ना. मंग ते बी पाह्यतीन. तुमी उठले त ते उठतीन. दुसरं काही मले येत नाई." बाबा चिडले. ताट सरकवलं. एक संध्याकाळ जेवले नाहीत. माय म्हणाली, "नोका जेवू," आणि आम्हाला वाढलं. एकदा पाहुणे बसलेले असताना तिनं चिमटे काढले. बाबांचं तोंड असं झालं की मला वाटलं आता ती पळसाची फोक पुन्हा निघणार. निघाली नाही. पाहुण्यांनीच हसून पाट ओढले.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलानं, चंद्रपूरच्या आमच्या घरात, आपल्या मुलाला फोन सोडत नाही म्हणून थोबाडीत मारली. नातू सहा वर्षांचा. मी स्वयंपाकघरातून आले. "त्याच्या हातात फोन कोणी दिला होता?" मी विचारलं. "आई, मला मीटिंग होती. आणि तुमच्या टीव्हीची गोष्ट नको सांगू. फोन वेगळा आहे, तो सोबत फिरतो." तो खरं बोलत होता, फोन वेगळा आहे. छपरीत आणून ठेवून भागत नाही. पण हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, त्याच्या स्वतःच्या फोनवर अंगठा फिरवत होता. मी त्याच्या हातातून तो काढून घेतला. शिकलेला, इंजिनिअर मुलगा, तिशी ओलांडलेला, माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच त्याला थोबाडीत मारली. "आता सांग," मी म्हणाले, "राग येतो की नाही?" नातू गालावर हात ठेवून दोघांकडे पाहत होता. त्या संध्याकाळी आम्ही सगळे फोन बाजूला ठेवून जेवलो. दुसऱ्या दिवशी मुलाला पुन्हा आठवण द्यावी लागली. तिसऱ्या दिवशीही. मी देत राहते. मला वाईट म्हणून घ्यायला आता काही वाटत नाही.

पण बाळूचं सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर त्यानं टीव्हीकडे पाहणं सोडलं. टोलीतले लोक म्हणाले, बघा, मार कामी आला. माय म्हणाली, "भेवानं सोडलं त त्याले सोडलं नाई म्हनत." छपरीत सगळी पोरं बसली की तो अंगणाच्या टोकाला, कुंपणापाशी जाऊन बसायचा. कोणी हाक मारली तर "मले नाई पाहाचं" म्हणायचा. मायनं त्याला कधी ओढलं नाही. ती बाबांनाच म्हणायची, रोज, जेवण वाढताना, "तुमी बोला त्याच्याशी." बाबा घास चावत राहायचे.

मोह संपत आला तेव्हाचा एक रविवार. कार्यक्रम सुरू झाला होता. सगळ्या पोरांची गर्दी. बाबा छपरीत पुढे, नेहमीच्या जागी बसलेले. ते उठले, म्हणून एका पोरानं चटकन त्यांची जागा घेतली. बाबा अंगण ओलांडून कुंपणापाशी गेले आणि बाळूच्या शेजारी मातीत बसले. तिथून टीव्ही जेमतेम दिसत होता, आवाज तुटक येत होता. मग बाबा म्हणाले, "तो मुकुटवाला काय म्हणून राह्यला? मले आयकू येत नाई इथून." बाळूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. खाली मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "थो भावाले बोलावून राह्यला." "मंग?" "मंग भाऊ येत नाई." "काऊन येत नाई?" "थो रागावला हाय." बाबा म्हणाले, "हो. रागावन तं खरा."

बस, एवढंच. माझ्या बापानं बाळूची माफी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. मी छपरीतून पाहत होते आणि मला ते फार थोडं वाटलं. आजही थोडंच वाटतं. त्या अंगणात, त्या सगळ्या लोकांदेखत मारलं होतं, तर त्या सगळ्या लोकांदेखत बोलायला हवं होतं. बाळूला मात्र ते पुरलं. तो थोडा सरकला आणि बाबांच्या गुडघ्याला टेकला, आणि पुढे काय झालं ते त्यांना सांगू लागला, एकेक वाक्य, नीट, सावकाश, जसं ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगतात तसं.